नव्या टीव्हीवर उभी रेघ: पॅनल बदलून घ्यावा की टीव्हीसाठी अडून बसावं?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिवाळीत सीताबर्डीच्या एका दुकानातून त्यांनी हप्त्यांवर ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. पंचविसाव्या दिवशी पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत बारीक गुलाबी रेघ उमटली. दुकानदार म्हणतो, आता कंपनी पाहील. कंपनीचा मुलगा आला, फोटो काढले, आणि जाताजाता "कुठंतरी प्रेशर पडलेलं दिसते" म्हणाला. दोन दिवसांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरून फोन आला की पॅनल, म्हणजे पडद्याची काच, बदलावा लागेल. ताईंना पॅनल नको, नवा टीव्ही हवा. अडून बसू का, आणि तोवर हा टीव्ही लावू की बंद ठेवू, असं त्या विचारतात.

ताई, फोनवरचं ते वाक्य पुन्हा आठवून पाहा: "पॅनल बदलावा लागेल." कोणाच्या खर्चानं, हे त्यात कुठंच नाही. पॅनल की टीव्ही, या पायरीवर तुमचं भांडण अजून पोचलेलंच नाही. आधी पाहायचं ते हे, की तुमची रेघ कंपनीच्या कागदावर "डिफेक्ट" म्हणून चढली आहे की "फिजिकल डॅमेज" म्हणून. डिफेक्ट लिहिलं असेल तर तुम्ही निवांत घासाघीस करू शकता. डॅमेज लिहिलं असेल तर कंपनीच्या लेखी वॉरंटी संपली, आणि मोठ्या टीव्हीच्या पॅनलचं एस्टिमेट बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या वरच जातं.

मी पिक्चर ट्यूबच्या काळापासून या धंद्यात आहे. मधली काही वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला काढली, आता सदर भागात स्वतःचं दुकान आहे. कंपनीच्या बाजूनं गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायचं काम मी केलेलं आहे, म्हणून ते "नाही" कशाच्या आधारावर येतं हे सांगू शकतो.

पहिली खात्री, रेघ टीव्हीचीच आहे ना. सेट-टॉप बॉक्सची वायर काढा आणि टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूच्या अंगावरूनही जात असेल तर बॉक्स, केबल, एचडीएमआय वायर सगळे निर्दोष सुटले. मेनू स्वच्छ असेल तर आधी दुसरी वायर, दुसरा पोर्ट लावून पाहा. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये पिक्चर टेस्ट नावाचा पर्याय असतो, तोही लावा. मग पेनड्राइव्हवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशी सपाट रंगांची पाच चित्रं टाकून एकेक दाखवा आणि प्रत्येकाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. हा व्हिडिओ पुढं कामाला येतो, कारण रेघा लहरी असतात. टीव्ही थंड असताना दिसणारी रेघ तासाभरानं गायब होते, आणि नेमका तंत्रज्ञ दारात असतो तेव्हा पडदा आरशासारखा स्वच्छ.

आता ती गुलाबीच का, हे समजून घ्या, म्हणजे समोरच्याशी बोलताना अडखळायला होणार नाही. फोर-के पडद्यावर आडव्या रांगेत ३,८४० ठिपके असतात, आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे ११,५२० उभ्या ओळी. त्यांचे सिग्नल काचेच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फिल्मच्या पट्ट्यांतून येतात. चिप त्या पट्टीवरच बसवलेली असते, आम्ही तिला सीओएफ म्हणतो. पट्टी आणि काच यांच्यात सोल्डरचा डाग दिलेला नसतो. उष्णता आणि दाब देऊन, वीज वाहणाऱ्या चिकट थरानं तो जोड बसवतात. त्या जोडात केसाएवढी जागा सुटली की एखादी ओळ मरते. हिरवी ओळ मेली तर पांढऱ्यातून हिरवा वजा होतो, उरतात लाल आणि निळा, आणि डोळ्याला दिसते गुलाबी रेघ. तुमची रेघ पांढऱ्या पडद्यावर ठळक आणि काळ्यावर दिसेनाशी होत असेल तर बहुधा हेच झालं आहे. काळ्यावरही ती चमकत राहत असेल तर प्रकार वेगळा, पण मामला तरी पॅनलचाच.

सगळे बिघाड असे नसतात, आणि हे इतर वाचणाऱ्यांसाठी. अर्धा पडदा पुसट झाला किंवा अर्ध्यावर वेगळंच चित्र आलं तर टी-कॉन बोर्ड (पडद्याला सिग्नल वाटून देणारं सर्किट) आणि त्याच्या रिबन वायरी आधी तपासायच्या. आवाज येतो, पडदा काळा, पण जवळून टॉर्च तिरपा मारला की चित्र अंधुक हलताना दिसतं, तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेला. पडद्यावर पांढरे गोल उजेडाचे ठिपके दिसतात तेव्हा आतल्या एलईडीवरची छोटी प्लॅस्टिकची भिंगं गळून पडलेली असतात. या तिन्हींत काच शाबूत असू शकते. अशा लक्षणांवर कोणी थेट पॅनलचं एस्टिमेट हातात ठेवलं तर "काहून?" म्हणून विचारायचं. एखादाच मेलेला ठिपका असेल तर मात्र वॉरंटीच्या अटी वाचा. फोर-केमध्ये जवळपास ८३ लाख ठिपके असतात आणि ठरावीक संख्येपर्यंतचे मेलेले ठिपके बऱ्याच कंपन्या दोषात धरत नाहीत.

आता त्या मुलाच्या "प्रेशर"कडे येऊ, कारण तुमचं सगळं प्रकरण त्या एका शब्दावर अडलं आहे.

पॅनल म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या दोन काचा, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर बॉल लागला, मुलानं रिमोट फेकला, तर एका बिंदूपासून फाटे फुटतात आणि आजूबाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तुमच्यासारखी एकाच जाडीची सरळ रेघ, काचेवर ओरखडा नाही, डाग नाही, ही माराची खूण नव्हे. पण मुलगा अगदी हवेत बोलला असंही मी म्हणणार नाही. फ्रेमच्या कडेला जोरात दाब आला तर आतली पट्टी किंवा तिचा जोड दुखावतो, आणि तेव्हाही अशीच रेघ येते. त्यामुळे कडेला दाबाची खूण आहे की नाही, यावर निकाल लागतो. आजच टीव्ही बंद करून टॉर्च तिरपा धरा, चारही कडा आणि कोपरे नीट पाहा, जवळून फोटो काढा. फ्रेम कुठं दबलेली, वाकलेली, पडद्यापासून सुटलेली नसेल तर ते फोटो तुमच्या बाजूचे साक्षीदार. स्वतः कडा दाबून "रेघ जाते का" पाहू नका. आम्ही कुठं आणि किती दाबायचं ते जाणून दाबतो, तरी जीव मुठीत असतो.

दाब तुमच्या घरी येण्याआधीही पडलेला असू शकतो. मोठा टीव्ही नेहमी उभा न्यायचा असतो, खोक्यावर तसं चित्रही छापलेलं असतं. तरी छोट्या हत्तीत आडवा टाकून, वर कोणाचं तरी मिक्सर-गिझर ठेवून आणलेले टीव्ही मी पाहिले आहेत. भिंतीवर बसवताना स्टँडचे लांब स्क्रू आत घुसतात, किंवा दोघं जण पडद्याला तळहात लावून टीव्ही उचलतात. म्हणून विचारतो: टीव्ही घरी कोणी आणला, आणि भिंतीवर कोणी लावला? दुकानाच्या गाडीनं आला आणि कंपनीच्या माणसानं बसवला असेल तर दाब त्यांच्याच हातून पडलेला असू शकतो, आणि डिलिव्हरीचं चलान व इन्स्टॉलेशनची पावती तुमच्या बिलाइतकीच मोलाची. तुम्ही स्वतः ई-रिक्षातून आणून ओळखीच्या सुताराकडून लावून घेतला असेल, तर खरं सांगतो, बाजू थोडी लंगडी पडते. हरली असं नाही, पण हे आधी कबूल करून बोला. ते लपवल्यावर उघडं पडलं की पुढचं कोणी ऐकत नाही.

दुसरा आळ पाण्याचा. तुमचा टीव्ही दिवाळीतला, त्यामुळे कूलरचं नाव तरी निघणार नाही. नागपुरात उन्हाळ्यात आलेल्या पॅनलच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न कूलर कुठं ठेवला आहे हाच विचारतो. बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत वापरासाठी ४० अंशांपर्यंतचं तापमान दिलेलं असतं, आणि आपल्याकडं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं आहे. मग माणसं कूलरचा झोत थेट टीव्हीवर येईल असा ठेवतात. त्या ओल्या हवेत बोअरच्या पाण्याचे क्षार असतात, आणि पट्ट्यांच्या जोडांवर ते पांढरे-हिरवट डाग ठेवून जातात. पडद्यावर थेट स्प्रे मारून पुसण्याचंही तसंच. थेंब ओघळत खालच्या कडेला जातो आणि फ्रेमच्या आत उतरतो. उघडल्यावर डाग सापडला की तंत्रज्ञाच्या हातात वॉरंटी नाकारायला कारण आलं. पुसायचं तर किंचित ओलसर मऊ कापडानं, टीव्ही बंद करून.

घरी आलेला मुलगा स्वतः फारसा निर्णय घेत नाही. तो फोटो आणि एक ओळ वर पाठवतो, आणि टीव्ही कधीही न पाहिलेला माणूस त्यावरून मंजुरी देतो किंवा नाकारतो. त्यामुळे जॉबशीटवरची, म्हणजे त्याच्या भेटीच्या नोंदीच्या कागदावरची, ती ओळ काय आहे, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. सेंटरला फोन करून तक्रार क्रमांक सांगा आणि जॉबशीटची प्रत मागा. "व्हर्टिकल लाईन, नो फिजिकल डॅमेज" असं काही असेल तर अर्धं काम झालं. "प्रेशर" किंवा "डॅमेज" असेल तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा: दाबाची खूण नेमकी कुठं आहे ती फोटोवर दाखवा, माझे चारही कडांचे फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून तपासणी करा. एवढंच, साध्या भाषेत, न चिडता. मी सेंटरला असताना "खूण दाखवा" एवढ्या एका मागणीवर नाकारलेली प्रकरणं उलटताना पाहिली आहेत, कारण खूण नसली की वरचा माणूस अडचणीत येतो.

आणि एक, तंत्रज्ञ भेट संपवताना मोबाईलवर आलेला ओटीपी मागतो. पुष्कळ कंपन्यांत तो ओटीपी दिला की तुमची तक्रार "समाधान झाले" म्हणून बंद होते. "भेटीचा आहे मॅडम" असं सांगून मागतात. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय देऊ नका. आधीच दिला असेल तर नवी तक्रार नोंदवा आणि जुना क्रमांक तिच्यात लिहायला सांगा, म्हणजे पहिली तारीख हरवणार नाही.

ती पहिली तारीख का जपायची, तर दुकानदारासाठी. "आता कंपनी पाहील" हे त्याचं म्हणणं सोयीचं आहे, कायद्याचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये असं आहे की सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आधी बिल पाहा. त्यावर सात किंवा दहा दिवसांची मुदत छापलेली असेल तर दुकानदाराच्या बाबतीत हा मुद्दा कमकुवत होतो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढंच छापलेलं असेल तर ती मुदत नव्हे, माझ्या मते ३० दिवसच धरायचे. तुम्ही पंचविसाव्या दिवशी दुकानात जाऊन तोंडी सांगितलं, ते आज लिहून काढा: अमुक तारखेला दुकानात येऊन तक्रार केली, टीव्ही बदलून द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानंही पाठवा. तिसावा दिवस उलटायचा असेल तर उद्यावर टाकू नका. पक्कं बिल आणि त्यावर टीव्हीचा सिरीयल नंबर आहे ना, तेही पाहा. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर टीव्ही घेणाऱ्यांची इथं सगळ्यात जास्त पंचाईत होते.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं: व्हिडिओ आणि फोटो, जॉबशीटची प्रत, दुकानदाराला लेखी मागणी. हे तीन झाल्यावरच "पॅनल की टीव्ही" याला अर्थ येतो.

त्यावर माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तीस दिवसांच्या आत आहात तर टीव्हीच मागा, आणि नेटानं मागा. पण मुदत गेली असेल आणि कंपनी फुकट, नवा पॅनल लेखी देत असेल, तर मी माझ्या घरच्यांनाही घ्यायला सांगेन. एलईडी टीव्हीत पॅनल हाच मुख्य माल. बाकी उरतं ते दोन-तीन बोर्ड, स्पीकर आणि प्लॅस्टिक. नवा पॅनल नीट बसला तर तुमच्या टीव्हीला कमीपणा काही नाही. भीती असते ती बसवण्याची. पॅनल दोन तऱ्हेनं येतो. बॅकलाइटसकट पूर्ण खोकं आलं तर घरी बदलायला हरकत नाही. नुसती काच आली, आम्ही तिला ओपन सेल म्हणतो, तर जुन्या बॅकलाइटचे सगळे थर उघडावे लागतात. आपल्या धुळीत, पंख्याखाली, पलंगावर चादर अंथरून ते काम झालं की काचेमागं कण अडकतात आणि आयुष्यभर दिसत राहतात. तेव्हा आधी विचारा काय येणार आहे. ओपन सेल असेल तर सेंटरमध्येच बदला म्हणून सांगा, आणि नेतानाची जबाबदारी त्यांची असं लिहून घ्या. पॅनल नवा आहे की दुरुस्त केलेला, हेही लेखी विचारा. बदललेल्या भागाची वॉरंटी पुष्कळदा मूळ मुदतीत जे उरलं तेवढीच असते, तेही पाहून ठेवा.

अडून बसायचं ते केव्हा, तर पॅनल स्टॉकला नाही म्हणत आठवड्यामागून आठवडे जातात तेव्हा, किंवा बदलल्यावर तीच तक्रार पुन्हा येते तेव्हा. अशा वेळी कंपन्या टीव्ही बदलून देतात किंवा पैसे परत करतात, फक्त तुम्ही मागितल्याशिवाय स्वतःहून क्वचितच.

कंपनीनं आणि दुकानानं दोघांनीही हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा, मराठीत बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीकडं जाते, आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटतात, कारण त्या तक्रारी कंपनीत वेगळा विभाग पाहतो. तरीही नाहीच जमलं तर सिव्हिल लाईन्समधला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. टीव्हीच्या किमतीच्या तक्रारीला, म्हणजे पाच लाखांपर्यंत, फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. टीव्ही दुसऱ्या गावाहून किंवा ऑनलाइन घेतला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. आयोग दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, यांपैकी कोणताही आदेश देऊ शकतो. वेळ मात्र लागतो, हे धरून चला. दुकान आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर ते तिथं एकमेकांकडं बोट दाखवत बसतात.

या सगळ्यात रागानं हप्ता थांबवू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, तिला तुमच्या रेघेशी घेणंदेणं नाही. दंड लागतो आणि सिबिल खराब होतं ते वेगळंच.

टीव्ही लावायचा का? लावा. उभ्या रेघेनं टीव्ही आणखी बिघडतो असं नाही. जोड सुटत चालला असेल तर शेजारी दुसरी रेघ येईल, आणि ती आली तर तुमचीच बाजू भक्कम होईल. तारखेसकट व्हिडिओ काढून तक्रारीत जोडा. वास आला, चरचर ऐकू आली किंवा पडद्याचा एखादा भाग तापलेला लागला तर मात्र मेन स्विचवरून बंद. ओळखीच्या कोणाला "जरा उघडून पाहा" म्हणू नका, मलासुद्धा नाही. बाजारात बाँडिंग मशीनवर, म्हणजे पट्टीचा जोड पुन्हा बसवणाऱ्या यंत्रावर, रेघ काढून देणारे आहेत, वॉरंटी संपलेल्या टीव्हीला त्यांचा उपयोगही होतो, पण वॉरंटीतल्या टीव्हीचं सील तुटलं की कंपनी मोकळी झाली. खोकं आणि थर्माकोल अजून माळ्यावर असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका, टीव्ही सेंटरला न्यायचा झाला तर लागेल.

पॅनल बदलायचा दिवस ठरला तर जुन्या आणि नव्या पॅनलच्या मागच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर तीच पाच रंगांची चित्रं पुन्हा लावा. पांढऱ्यावर धुळीचे कण आणि सावल्या पाहा, खोलीत अंधार करून काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड गळतो का ते पाहा. टीव्ही तासभर चालू द्या, तापल्यावर पुन्हा तेच पाहा, नव्या पॅनलचा नंबर जॉबशीटवर चढवून घ्या, आणि ओटीपी त्यानंतर द्या.